'ड' तुकडीचे पहिले गणित

अध्यक्ष महोदय, शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो,

पत्रिकेवर विषय छापला आहे तो 'माध्यमिक शाळेतील गुणानुक्रमे तुकड्या आणि मुलांचे मनोबल' असा. मी ३१ वर्षे गणित शिकवले आणि त्यांतील बरीच वर्षे ज्या वर्गाला शिकवले, त्याचे दप्तरातील नाव 'ड' होते. मुलांच्या तोंडी मात्र ते 'ढ' होते. आपण हसलात, ते स्वाभाविक आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती मुलेही हसत असत. दिवाळीनंतर हसत नसत.

पद्धत आपणा सर्वांना ठाऊक आहे. सातवीच्या टक्केवारीनुसार यादी लावायची, वरची साठ मुले 'अ'मध्ये, त्याखालची 'ब'मध्ये असे करत खाली यायचे, आणि शाळा उघडल्यावर प्रार्थना संपली की सर्वांसमोर नावे वाचायची. आमच्याकडे 'अ'चा वर्ग कार्यालयाशेजारी होता, 'ड'चा सायकल स्टँडमागे पत्र्याखाली. गणिताचा तास 'अ'ला सकाळी मिळे, 'ड'ला मधल्या सुट्टीनंतर, पत्रा तापल्यावर. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. ज्या मुलांमुळे दहावीचा निकाल उजळायचा, त्यांना चांगले ते द्यावे इतकाच विचार होता.

आठवी 'ड'मधील एका मुलाची गोष्ट मला सांगायची आहे, आणि ती थोडी लांबेल. एका सकाळी मी गावातील दूध संकलन केंद्रावर उभा होतो. हा मुलगा किटली घेऊन आला, फॅट ६.८ लागली, पावती हातात पडली, आणि तिच्यावर नजर टाकताच तो म्हणाला, "दर जुना लावलाय. ४२ रुपये ४० पैसे पाहिजे, तुम्ही ४१ रुपये २० पैसे धरलाय. साडेसात लिटरला नऊ रुपये कमी आले." कागद नाही, बोटे नाहीत. केंद्रचालकाने यंत्रावर हिशेब केला आणि नऊ रुपये काढून दिले.

मला इतका आनंद झाला की त्याच दुपारी मी तेच उदाहरण, दूध आणि म्हैस वगळून, फळ्यावर लिहिले आणि त्याला उभे केले. तो खाली पाहत राहिला. मी पुन्हा विचारले, तेव्हा म्हणाला, "सर, आम्ही 'ड'मधले. आम्हाला गणित येत नाही."

मित्रहो, 'मला येत नाही' असे तो म्हणाला असता, तर ती एका मुलाची अडचण ठरली असती आणि ती सोडवणे माझे कामच होते. तो 'आम्ही' म्हणाला. वर्गातील कोणीही मान वर करून ते नाकारले नाही. वर्षातील पहिले गणित शिकवण्याआधी शाळेने त्या ५८ मुलांना त्यांची ओळख शिकवली होती, आणि तो धडा सर्वांना तोंडपाठ होता.

सातवीत त्याला गुण कमी का मिळाले, याची चौकशी केली, तेव्हा कळले की त्या वर्षी वडील आजारी होते आणि गोठा त्याच्याकडे होता. सहामाहीनंतर त्याला 'ब'मध्ये घ्यावे असे मी सुचवले. उत्तर मिळाले की 'अ' आणि 'ब' सेमी-इंग्रजी आहेत. तिथे समीकरणाचे 'इक्वेशन' झाले आहे, हा मुलगा टिकणार कसा? म्हणजे जी तुकडी एका वर्षाच्या गुणांवर ठरली, तिच्यातून बाहेर पडायची वाट भाषेनेही बंद केली होती. नववीच्या शेवटी, शाळेचा निकाल खाली येऊ नये म्हणून, त्याला १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसण्याचा सल्ला देण्यात आला. तो सल्ला ठरला त्या बैठकीत मी होतो आणि गप्प बसलो. 'ड'मध्ये 'का?' विचारणे मीही केव्हाच सोडले होते. महत्त्वाचे प्रश्न लिहून देत होतो. त्या मुलांविषयीची माझी अपेक्षाही तुकडीनेच ठरवली होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत; मुख्य मुद्दे आता भराभर मांडतो.

निकालासाठी हे करावे लागते, असे म्हणतात. १९९० मध्ये अमेरिकी शिक्षण-संशोधक रॉबर्ट स्लाव्हिन यांनी माध्यमिक शाळांवरील २९ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा विभागणीचा गुणांवरील सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. मनावरील परिणाम मात्र शून्य नसतो. ब्रिटिश अभ्यासक डेव्हिड हारग्रीव्ह्ज यांनी १९६७ मध्ये इंग्लंडमधील फक्त मुलग्यांच्या एका शाळेविषयी लिहिले, त्यात खालच्या तुकड्यांत अभ्यास न करणे हीच प्रतिष्ठा झालेली दिसते. जिथे मान मिळत नाही तिथले नियम मोडण्यात मुले मान शोधतात. सिंगापूरने अनेक दशके चालवलेली अशी विभागणी २०२४ मध्ये माध्यमिकला आलेल्या मुलांपासून थांबवली. आता तिथे वर्ग मिश्र असतो आणि विषयाची पातळी विषयापुरती ठरते.

माझ्याविरुद्ध जाणारा पुरावाही सांगितला पाहिजे. मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत 'प्रथम' या शिक्षणक्षेत्रातील स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी, म्हणजे वस्तीतल्याच तरुण शिक्षिका, मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून शिकवत, आणि त्याने मुलांची प्रगती झाली. परंतु ती मुले दिवसातील सुमारे दोन तास, पायाभूत वाचन आणि गणितासाठी वेगळी बसत, आणि मग आपल्याच वर्गात परतत. गट कौशल्याचा होता, काही तासांचा होता, आणि त्यातून परत येण्याची वाट रोज उघडी होती. आमची 'ड' तीन वर्षांची होती आणि तिच्यात चित्रकला नि खेळाचे तासही 'ड'चेच होते.

म्हणून मागणी एवढीच आहे की, तुकड्या मिश्र कराव्यात, सेमी-इंग्रजीचा पर्याय गुणांवर अवलंबून ठेवू नये, ज्याला अपूर्णांक अडतो त्याचा अपूर्णांकापुरता गट करावा आणि अपूर्णांक आला की तो मोडावा, आणि शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षकाने अशा गटाला शिकवावे. याद्या मे महिन्यात तयार होतात. ज्या शाळेला यंदा मिश्र याद्या करायच्या असतील, तिच्या कार्यालयात मी आठवडाभर येऊन बसेन; जनरल रजिस्टर आणि एक पेन्सिल तेवढी द्यावी.