नाळेवरची फुलं

(दृश्य: सकाळ. थायलंडमधल्या आओ नांगचा किनारा. उथळ पाण्यात एका रांगेत उभ्या लाकडी होड्या.)

पाणी गुडघ्यापर्यंत आलंय. एका हातात चपला, खांद्याला पिशवी आणि समोर लाटेसरशी वरखाली होणारी होडी. मला वाटलं, पुढचं टोक धरावं, त्यावर पाय रोवावा आणि चढावं. पाय उचललाही होता. तेवढ्यात होडीवाल्या काकांनी हात आडवा धरला, अंगाला न लावता, आणि कडेला सोडलेली छोटी शिडी दाखवली. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी फक्त एकदा त्या टोकाकडे पाहिलं. मग मीही पाहिलं.

होडीच्या उंच नाळेला, म्हणजे त्या पुढच्या टोकाला, लाल, पिवळ्या, हिरव्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. त्यांवर झेंडूचा आणि मोगऱ्याचा हार. फुलं आजची होती, पाकळ्यांवर अजून पाणी होतं.

(दृश्य: नाळेवरचे हार, अगदी जवळून.)

थायलंडच्या या किनाऱ्यावर प्रत्येक होडीत एक देवी राहते. तिचं नाव मे या नांग. 'मे' म्हणजे आई, 'या' म्हणजे वडिलांची आई. आई आणि आजी एकाच नावात. तिची जागा नाळेवर, म्हणून तिथे पाय ठेवायचा नाही, ओलांडून जायचं नाही. माझं आजोळ देवगडचं. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा झाली की आम्हा मुलांना नाळेकडे फिरकू देत नसत. मला हे कुणी सांगायची गरज पडायला नको होती. त्या क्षणी मान आपोआप खाली गेली आणि हात जोडले गेले. काकांनीही जोडले.

या जोडलेल्या हातांना इथे 'वाय' म्हणतात. दिसायला आपला नमस्कारच, पण त्यात पायऱ्या आहेत. बरोबरीच्या माणसासाठी अंगठे हनुवटीपाशी, आईवडील आणि गुरूंसाठी नाकापाशी, भिक्खूंसाठी भुवयांच्या मध्ये. समोरचा जितका मोठा तितके हात वर आणि मान खाली. धाकट्याने आधी करायचा, थोरल्याने स्वीकारायचा. सोबतीला शब्द येतो, 'सवात्दी'. थाय लिपीतली अक्षरं एकेक वाचली तर त्यात लपलेला आपला शब्द सापडतो: स्वस्ति. थाय उच्चारात मधला 'स' अडतो आणि त्याचा 'त' होतो, शेवटच्या 'ति'चा 'दी' होतो. हे अभिवादन फार जुनंही नाही. १९३० च्या दशकात एका भाषापंडिताने ते रुजवलं आणि १९४३ मध्ये सरकारने ते अधिकृत केलं.

असे शब्द मग जागोजागी भेटत राहतात. आमच्या तिकिटावर फेब्रुवारीचं नाव होतं 'कुम्फाफान', म्हणजे कुंभ. जानेवारी मकर, मार्च मीन, एप्रिल मेष. बाराही महिने राशींवरून. आणि वर्ष? २५६८. इसवी सनात ५४३ मिळवायचे, की बुद्धाच्या परिनिर्वाणापासून मोजलेलं थाय वर्ष मिळतं. २०२५ साली घरून निघालेली मी २५६८ सालात उतरले होते, याचा मला लहान मुलीसारखा आनंद झाला.

(दृश्य: चालत्या होडीतून दिसणारे कडे. इंजिनाचा आवाज.)

आठ माणसं जमली आणि होडी सुटली. मागे गाडीचं जुनं इंजिन, त्याला जोडलेला लांबच लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. म्हणून या होडीचं नाव 'रुआ हांग याव', लांब शेपटीची होडी. पाणी उथळ झालं की दांडा वर उचलायचा, बस्स. पंधरा मिनिटांत रायले आलं, आमच्या मुक्कामाचा किनारा. बेटासारखं वाटलं तरी रायले हे बेट नाही, जमिनीलाच जोडलेलं आहे. पण चुनखडीच्या उभ्या कड्यांनी वाट अशी अडवली आहे की रस्ताच पोचत नाही. यायचं तर पाण्यातून. म्हणून इथे गाडी नाही, हॉर्न नाही. होड्या थांबल्या की ऐकू येतं ते पाणी आणि झाडांतली पाखरं.

इथे मी चार दिवस काहीच केलं नाही. सकाळी पोहायचं, दुपारी झाडाखाली लोळायचं, ओहोटीला पाणी किती मागे गेलं ते पाहायचं. थाय लोकांचा एक लाडका शब्द आहे, 'सबाय'. अंग सैल, मन निवांत, कुठेही टोचत नाही अशी अवस्था. 'कशी आहेस?' विचारतानाही तोच शब्द, 'सबाय दी मय?' तिसऱ्या दिवशी मी न अडखळता 'सबाय' म्हणाले, आणि ते खरं होतं.

(दृश्य: बांबूचा माचा. पाण्याचं घमेलं.)

तिसऱ्या दिवशीच आणखी एक गोष्ट घडली. मालिश करणाऱ्या मावशी माझ्याहून वीस वर्षांनी तरी मोठ्या असतील. त्यांनी मला माच्यावर बसवलं, समोर घमेलं ठेवलं आणि खाली बसून माझे पाय धुवायला घेतले. मी पाय मागे ओढला. थोरल्या बाईने माझ्या पायाला हात लावायचा? आपल्याकडे हे चालतच नाही. आपण पाया पडायचं ते मोठ्यांच्या. आणि या देशात तर डोकं सर्वांत पवित्र आणि पाय सर्वांत हीन. कुणाच्या डोक्याला हात लावू नये, बुद्धाकडे किंवा माणसाकडे पाय करून बसू नये, घरात आणि देवळात जोडे नेऊ नयेत. मग ही बाई माझे पाय मांडीवर का घेते?

मावशी हसल्या. पाय पुन्हा पुढे घेतला, पुसला, आणि सुरुवात करण्याआधी डोळे मिटून हात जोडले. ते माझ्यासाठी नव्हते. थाय मालिश करणारे ज्याला आपला आद्य गुरू मानतात, त्या जीवकासाठी होते. जीवक म्हणजे बुद्धाचा वैद्य, मगधातल्या राजगृहाचा. ही विद्या, 'नुआद थाय', २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. त्या तासाभरात मला उमगलं ते असं: गुरूला वंदन केलं की पुढचं काम सेवा होतं, आणि सेवेत हीन काही उरत नाही. उठताना मी त्यांना वाकून वाय केला, अंगठे नाकापाशी.

(दृश्य: फ्रा नांगची गुहा. उदबत्तीचा धूर.)

रायलेच्या दक्षिणेला फ्रा नांगचा किनारा. कड्याच्या पोटात एक गुहा, आणि तिच्यात लाकडी लिंगांची रास, लहान-मोठी, बरीचशी लाल रंगवलेली. फ्रा नांग म्हणजे राजकन्या. समुद्रात जाण्याआधी मच्छीमार तिला फुलं, उदबत्त्या आणि ही लिंगं वाहतात. सुखरूप परत येऊ दे, जाळं भरू दे. काही प्रवासी इथे खिदळत फोटो काढतात. मला ते पाहवत नाही. कारण याच वाळूवर निळ्या पाट्या आहेत, त्सुनामी आली तर कुठे पळायचं ते दाखवणाऱ्या. २६ डिसेंबर २००४ ला हाच समुद्र या किनाऱ्यावर चढून आला होता. ज्यांचं पोट त्याच्यावर आहे त्यांनी कुणापुढे तरी हात जोडलेच पाहिजेत.

(दृश्य: परतीची होडी. संध्याकाळ.)

परत निघाले त्या संध्याकाळी मी मोगऱ्याचा एक हार घेतला. योगायोगाने होडी त्याच काकांची होती. मी हार दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांनी तो घेतला, कपाळाला लावला, उघड्या पायांनी पुढे गेले आणि सकाळच्या सुकलेल्या हाराशेजारी बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली.

मी शिडीने चढले. बसले ती नाळेकडे तोंड करून. मग लक्षात आलं, आणि पाय दुमडून एका बाजूला घेतले.

(इंजिन सुरू होतं. वाऱ्यात फडफडणाऱ्या पट्ट्या.)