वहीतला हॅड गॉन

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते मराठी माध्यमातल्या मुलांच्या इंग्रजी वह्यांबद्दल, म्हणजे माझी सुट्टी, माझी आजी असं मुलं स्वतःबद्दल लिहितात ना, त्याबद्दल. आपल्याकडे 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, तरी काळांची गडबड मोठ्या वर्गातही दिसते, आणि ती आळसामुळे होते असं कृपा करून समजू नका.

हे वाक्य बघा. यस्टर्डे आय हॅड गॉन टू माय मामाज हाऊस. आपण सहज म्हणतो ना, काल मामाकडे गेलो होतो, तर त्यातला होतो मुलाने इमानदारीत हॅड करून आणला. इंग्रजीत कालची साधी गोष्ट सांगायला वेंट पुरतं. तसंच 2019 पासून पुण्यात राहतोय याचं आय ॲम लिव्हिंग होतं, तिथे हवं हॅव बीन लिव्हिंग. म्हणजे मुलगा नियमानेच चाललाय, फक्त नियम मराठीचा आहे. शिकणाऱ्याच्या चुका आपल्याला बरंच काही सांगतात हे भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी 1967 मध्येच मांडलं होतं.

मग लाल पेनाने सगळं पान रंगवायचं का? दुसरी भाषा शिकण्याचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 मध्ये म्हटलं की लेखनातलं व्याकरण असं सुधारून देणं बंदच करा, उपयोग नाही, उलट तोटाच होतो. त्यावर 1999 मध्ये त्याच विषयाच्या अभ्यासक डेना फेरिस यांनी उत्तर दिलं, की निवडक आणि स्पष्ट दुरुस्ती उपयोगी पडू शकते, आणि मला तेच पटतं. एका पानावर फक्त क्रियापदं घ्या, खाली रेघ मारा, उत्तर लिहू नका, मुलाला विचारा हे कधी झालं, निम्मी तर तो स्वतःच दुरुस्त करतो.

पण रेघ मारायच्या आधी पान नीट वाचा हो! एखादी मुलगी लिहिते, माय ग्रँडमदर मेक्स लाडू फॉर मी, आणि पुढच्याच ओळीत कळतं की आजी गेल्या वर्षी वारली. इथे मेक्सचं मेड करायला हवंच, पण आधी आजीबद्दल दोन शब्द बोला, लाडू कसले असायचे ते विचारा, मग काळाचं.

आणि कुणी लिहिलं असेल, वेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट, तर तिथे आवर्जून बरोबरची खूण करा. बस आधी सुटली, आपण नंतर पोचलो, हॅडची खरी जागा हीच, आणि ती मुलाला त्याच्याच वाक्यात दाखवता येते.