सही कोणाची, तारीख कोणती?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या बडोद्यात काही भयंकर घडलं की पुढारी काय बोलणार, हे आता आपल्याला पाठ झालंय. 18 जानेवारी 2024 ला हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. मदत लगेच जाहीर झाली, गेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना राज्याकडून 4 लाख, केंद्राकडून 2 लाख. चौकशी लागली. दोषींची गय केली जाणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. मग 9 जुलै 2025 च्या सकाळी पादऱ्याकडचा महीवरचा गंभीरा पूल तुटला, गाड्या नदीत गेल्या, वीसच्या आसपास माणसं दगावली. पुन्हा शोक, पुन्हा मदत, पुन्हा गय नाही. 4 इंजिनियर निलंबित झाले.

मदत द्यायलाच हवी. पण मला विचारायचंय ते वेगळं. सही कोणाची होती, आणि तारीख कोणती? हरणीचं कंत्राट कुणी आणि कसं दिलं, हे गुजरात उच्च न्यायालयानं विचारलं, तेव्हा कुठे कागद बाहेर आले. पुढाऱ्यानं पहिल्या दिवशीच हे सांगायला काय हरकत आहे? सही कोणाची, तारीख कोणती.

    

तर सहीची गोष्ट. मला ती आमच्या वाड्यातल्या काकूंनी शिकवली. दांडिया बाजारच्या मागे आमचा वाडा. गल्लीच्या तोंडाशी गटाराचं झाकण कित्येक दिवस नव्हतं. एका पहाटे शेजारचा मुलगा दुधाची पिशवी आणायला निघाला, अंधारात पाय आत गेला, नडगी मोडली. दुपारी नगरसेवक आले, बरोबर चार माणसं, हातात मोसंब्यांची पिशवी. ओट्यावर बसले. चौकशी लावतो म्हणाले, कुणालाही सोडणार नाही म्हणाले.

काकूंनी त्यांना चहा दिला. कपबशी रिकामी होईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मग आत जाऊन त्या मुलाची गणिताची वही घेऊन आल्या, मधलं जोडपान सोडवलं, पेन पुढे केलं.

"भाई, झाकण किती तारखेला बसेल ते लिहा."

"काकी, थई जशे." म्हणजे होऊन जाईल.

"थई जशेला तारीख घाला. आणि खाली सही."

चौघं एकमेकांकडे बघायला लागले. नगरसेवकांनी थोडा वेळ पेन हातात फिरवलं आणि लिहिलं. आठ दिवसांनंतरची तारीख, खाली सही. काकूंनी भाताची शितं चोळून तो कागद दिंडीदरवाजाला बाहेरून दिसेल असा चिकटवला. भाजीला जाणारी येणारी माणसं थांबून वाचायची. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मुलं वाचून दाखवायची.

आठवा दिवस आला, झाकण आलं नाही. काकू ओरडल्या नाहीत, मोर्चा नाही, निवेदन नाही. कागद सोडवला, मुलाच्या वडिलांना बरोबर घेतलं आणि नगरसेवकांच्या घरी गेल्या. जुन्या तारखेवर एक रेघ मारून घेतली, शेजारी नवी तारीख, नवी सही. कागद परत दारावर. आता एकाच पानावर दोन सह्या होत्या, आणि पहिली तारीख कुणाची चुकली हे सगळ्या गल्लीला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी लोखंडी झाकण बसलं. सिमेंट ओलं होतं म्हणून काकूंनी वर पाट उपडा घालून ठेवला.

संध्याकाळी नगरसेवक स्वतः आले. झाकणावर पाय देऊन बघितलं, मुलाची विचारपूस केली आणि मग हळूच म्हणाले, "काकी, आता तो कागद काढा ना."

काकू म्हणाल्या, "राहू द्या, भाई. हा पावसाळा जाऊ दे, मग काढते."