ट्यूबवाला बास अ‍ॅम्प: आधी कॅबिनेट, मग स्विच

ट्यूबवाल्या बास अ‍ॅम्पचं हेड म्हणजे नुसता अ‍ॅम्पचा डबा, स्पीकर यात नाहीच, तरी उचलायला दोन माणसं लागतात. अँपेग या अमेरिकन कंपनीने 1969 साली एसव्हीटी नावाचा बास अ‍ॅम्प काढला, 300 वॉट, सहा पॉवर ट्यूब (आवाजाला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या), वजन चाळीस किलोच्या घरात, आणि मोठा बास अ‍ॅम्प म्हटलं की आजही लोकांच्या डोळ्यासमोर तोच येतो. आता गिटारवाल्यांचं 50 वॉटमध्ये झकास भागतं मग बासवाल्यांचे एवढे लाड कशाला, तर बास गिटारची जाड ई तार वाजते 41 हर्ट्झला, पाच तारांचा बास असेल तर बी 31 हर्ट्झच्या आसपास, आणि इतक्या खाली आपला कानच मंद असतो, त्यामुळे तेवढंच जोरात ऐकू यायला ताकद कितीतरी जास्त ओतावी लागते. शिवाय खालचा सूर दबू नये म्हणून आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे ट्यूबची ताकद स्पीकरला पोहोचवणाऱ्या भागाचा, लोखंडी गाभा चांगला दणकट लागतो. पाठ दुखते ती याच्यामुळे.

हाच ट्रान्सफॉर्मर सांभाळायचा. ट्यूब बदलता येतात, हा जळला की खिसा रिकामा. म्हणून पहिलं काम, कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा खोका, जोडा, मगच मेनचा स्विच. स्पीकर न लावता ट्यूब अ‍ॅम्प वाजवला तर ट्रान्सफॉर्मरमधल्या ऊर्जेला जायला वाटच नसते, व्होल्टेज भलतंच चढतं आणि ठिणगी पडते, कधी ट्यूबच्या सॉकेटवर तर कधी थेट वाइंडिंगच्या आत. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर हात बसलेली माणसं इथेच फसतात, कारण त्याला स्पीकर नसला तरी सहसा काही होत नाही. आणि वायर स्पीकरचीच हवी बरं का, गिटारची नको! दोन्हीचे जॅक सारखेच दिसतात पण गिटारच्या वायरमधली तार बारीक असते, एवढ्या करंटला तापते, मध्येच तुटली की परत तेच, अ‍ॅम्प बिनस्पीकरचा.

मागे कॅबिनेटच्या ओमशी जुळवायचा सिलेक्टर असतो. 8 ओमची दोन कॅबिनेट नेहमीसारखी पॅरलल जोडली की मिळून 4 होतात, सिलेक्टर 4 वर. एवढंच गणित.

स्टँडबायचा स्विच असेल तर मिनिटभर त्यावर ठेवून ट्यूब तापू द्या, मग वाजवा.

आता बायस. वाजवत नसतानाही पॉवर ट्यूबमधून थोडा करंट वाहत असतो, तो किती ठेवायचा ते म्हणजे बायस. कमी ठेवला तर आवाज कोरडा, खरखरीत येतो, जास्त ठेवला तर ट्यूब लवकर म्हातारी होते. काही अ‍ॅम्पमध्ये ट्यूबच्या कॅथोड नावाच्या टोकाला 1 ओमचा रेझिस्टर असतो, टेक्निशियन मीटर त्याच्यावर लावतो, जितके मिलीव्होल्ट दिसतील तितके मिलीअ‍ॅम्पिअर. नवा सेट बसवला की आकडा आधी हलत राहतो, तो स्थिर होऊ द्या, अर्ध्या तासाने परत बघायला सांगा. सेट जुळवलेलाच घ्या, एक ट्यूब बदलून भागवायची कंजुषी मला तरी पटत नाही.

मग खोलीतला दिवा बंद करून बघा. आत नारिंगी हीटर दिसेल, काचेवर निळसर झाकसुद्धा दिसेल, दोन्ही ठीक. पण बाहेरची राखाडी प्लेटच लालसर दिसायला लागली तर विचार करत बसू नका, लगेच बंद. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, ती ट्यूब गेली.

प्रीअ‍ॅम्पच्या, म्हणजे सुरुवातीला सिग्नल वाढवणाऱ्या, छोट्या ट्यूब वर्षानुवर्षं टिकतात. पेन्सिलने हलकेच टकटक करा, स्पीकरमधून टणटण आलं तर ती मायक्रोफोनिक झालीय, बदला. आतली वीज गुळगुळीत करणारे फिल्टर कपॅसिटर मात्र अ‍ॅम्प नुसता पडून असला तरी सुकतात, हम म्हणजे घूं असा आवाज वाढतो, सुराला चिकटून दुसराच एक बेसूर सूर ऐकू येतो. ते काम माहीतगार टेक्निशियनला द्या, स्वतः उघडू नका, एवढ्या मोठ्या हेडमध्ये सातशे व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात.

आणि फ्यूज उडाला तर आधी पॉवर ट्यूबवर संशय घ्या, बऱ्याचदा एखादी शॉर्ट झालेली असते. तेवढ्याच रेटिंगचा फ्यूज टाका, तोही उडाला तर गप दुरुस्तीला न्या. वाढीव फ्यूज टाकला की पुढचा नंबर ट्रान्सफॉर्मरचा.