लग्नाची नोंद आणि दोन जामीनदार

श्रोतेहो, नमस्कार. इंग्लंडमधील पूर्वजांचा माग काढणाऱ्यास लग्नाची नोंद फार उपयोगी पडते, कारण तिच्यात दोन घराणी एकत्र सापडतात. १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने काढलेल्या आदेशानुसार प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागात, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही सुरू झाली. १७५४ पासून वधूवरांबरोबर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक ठरल्या, तर जुलै १८३७ पासून दाखल्यावर दोघांच्या वडिलांची नावे व व्यवसायही येऊ लागले. आईच्या नावाला मात्र २०२१ पर्यंत जागा नव्हती; वंशावळ मांडताना निम्मे घराणे झाकून ठेवण्याची ही रीत मला कधीच पटलेली नाही.

नोंद वाचावी कशी, हे शेक्सपिअरच्या लग्नावरून उत्तम कळते. वुस्टरच्या बिशपच्या दप्तरात २७ नोव्हेंबर १५८२ रोजी त्याच्या विवाह परवान्याची नोंद आहे आणि तीत वधू आहे टेम्पल ग्राफ्टनची ॲन व्हेटली. दुसऱ्याच दिवशीच्या जामीनकतब्यात, म्हणजे परवान्यासाठी दिलेल्या हमीपत्रात, मात्र वधू स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे आहे! एवढ्यावरून काहींनी दुसऱ्या प्रेयसीची कहाणी रचली. वास्तविक परवान्याच्या नोंदीच्याच दिवशी त्याच दप्तरात व्हेटली नावाच्या एका धर्मगुरूच्या दाव्याचे काम चालले होते, त्यामुळे कारकुनाच्या लेखणीतून तेच आडनाव उतरले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. खरा दुवा आहे तो जामीनदारांत. फुल्क सँडल्स आणि जॉन रिचर्डसन या दोन शेतकऱ्यांनी ४० पौंडांची हमी घेतली होती, आणि हीच दोन नावे ॲनच्या वडिलांच्या, रिचर्ड हॅथवेच्या, १५८१ च्या मृत्युपत्रातही आढळतात. सँडल्स देखरेख करणारा म्हणून, तर रिचर्डसन साक्षीदार म्हणून. म्हणजे जामीन राहिलेली माणसे वधूच्या माहेरची होती. त्या मृत्युपत्रात मुलीचे नाव ॲग्नेस असे आहे, परंतु त्या काळी ॲन आणि ॲग्नेस ही नावे एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जात.

म्हणून सांगतो, वधूवरांच्या नावांबरोबर जामीनदारांची आणि साक्षीदारांचीही नावे अवश्य उतरवून घ्यावीत. पुष्कळदा ती भावाची, मेहुण्याची किंवा शेजाऱ्याची असतात. शिवाय परवाना मिळाला म्हणजे लग्न लागलेच, असे धरून चालू नये. शेक्सपिअरच्या प्रत्यक्ष लग्नाची नोंद अद्याप सापडलेली नाही, पण त्याच्या थोरल्या मुलीच्या, सुझॅनाच्या, बाप्तिस्म्याची नोंद २६ मे १५८३ च्या तारखेने स्ट्रॅटफर्डच्या वहीत आहे. तेव्हा लग्नाची नोंद हाती लागली नाही, तर पुढच्या दोन-तीन वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळाव्यात.