नुनावुतची घरं: एक थकलेलं देणं

श्रोतेहो, नमस्कार.

कॅनडाच्या अगदी उत्तरेला नुनावुत नावाचा प्रदेश आहे. १ एप्रिल १९९९ रोजी नॉर्थवेस्ट टेरिटरीजपासून वेगळा होऊन तो अस्तित्वात आला. आकारानं तो महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा आहे, पण २०२१च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली अवघी ३६,८५८. ही सगळी माणसं २५ गावांत राहतात आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही. विमानानं जायचं, उन्हाळ्यात बोटीनं, नाहीतर बर्फावरून स्नोमोबाइलनं. राहणारे बहुतेक जण इनुइट, म्हणजे या भूमीचे मूळ रहिवासी.

इतकी जमीन आणि इतकी थोडी माणसं. तरीही राहायला जागा नाही, हीच तिथली सगळ्यात मोठी अडचण आहे. नुनावुतसह इनुइटांचे चार पारंपरिक प्रदेश आहेत. त्या चारही प्रदेशांत मिळून २०२१ साली ५२.९ टक्के इनुइट दाटीवाटीच्या घरांत राहत होते. आई-वडील, मुलं, लग्न झालेली मुलगी, जावई, नातवंडं, आणि ज्याला कुठेच थारा नाही असा एखादा भाचा, सगळे तीन खोल्यांत. रात्री बैठकीच्या खोलीत अंथरुणं पडतात. काही घरांत लोक पाळीपाळीनं झोपतात. नातेवाईक दारातून कुणाला परत पाठवत नाहीत, म्हणून रस्त्यावर बेघर माणूस फारसा दिसत नाही.

याचं खापर थंडीवर फोडणं सोपं आहे. पण याच थंडीत इनुइट शेकडो वर्षं स्वतःची घरं स्वतः उभारत आले होते. हिवाळ्यात बर्फाची किंवा दगड-मातीची, उन्हाळ्यात कातड्याच्या तंबूंची. शिकार जिथे, तिथे मुक्काम. १९५० आणि १९६०च्या दशकांत कॅनडा सरकारनं त्यांना एका जागी वसवायला सुरुवात केली. शाळा गावात, दवाखाना गावात, सरकारी मदतही गावात. मुलांना शाळेत घातलं की आई-बापांना त्यांच्यामागे यावंच लागे. येणाऱ्यांना घरं देऊ, भाडं नाममात्र ठेवू, असं सांगितलं गेलं. नुनावुतमधल्या बॅफिन बेटाच्या भागातल्या लोकांच्या साक्षी पुढे किकिक्तानी सत्य आयोगानं नोंदवून घेतल्या. त्यांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा येते. माणसं आली, पण घर तयार नव्हतं, आणि कित्येक कुटुंबांना हिवाळा तंबूत काढावा लागला. ज्यांना घर मिळालं, त्यांना मिळाली ती एका खोलीची, नळ नसलेली घरं. त्या घरांना लोक ‘काडेपेटी’ म्हणत.

म्हणून मला वाटतं, उत्तरेतल्या घरांच्या योजनेला कुणी मदत किंवा सवलत म्हणू नये. सरकारनं बोलावून आणलेल्या माणसांना द्यायचं हे देणं आहे, आणि ते साठ-सत्तर वर्षं थकलेलं आहे.

आता तिथे घर कसं बांधतात ते सांगतो. खालची जमीन बारमाही गोठलेली असते. घर थेट जमिनीवर ठेवलं, तर घराच्या उबेनं ती वितळते, खचते आणि भिंतींना तडे जातात. म्हणून खडकापर्यंत भोकं पाडून पोलादी खांब रोवतात आणि घर त्या खांबांवर उचलून धरतात. खालून वारा वाहत राहिला पाहिजे, तरच जमीन गोठलेली राहते. लाकूड, खिळे, काच, पाण्याची टाकी, सगळं दक्षिण कॅनडातून येतं. तेही समुद्र मोकळा असताना, साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात, जहाजानं. बहुतेक गावांना धक्का नाही. जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि सामान तराफ्यांवर उतरवून किनाऱ्यावर आणतात. एखादी पेटी दक्षिणेतच राहिली, तर एक तर ती विमानानं आणा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्याची वाट बघा. अशा सगळ्या खर्चामुळे एका सरकारी घराची किंमत अलीकडे दहा लाख कॅनेडियन डॉलरच्या आसपास गेली आहे. एवढी किंमत मोजून स्वतः घर बांधणारे तिथे फारच थोडे. निम्म्याहून अधिक लोक सरकारी भाड्याच्या घरांतच राहतात. भाडं कमाई बघून ठरतं आणि ते कमीत कमी महिना ६० डॉलर असतं.

घर मिळालं तरी त्यात राहणं सोपं नसतं. बहुतेक गावांत नळयोजना नाही. पाण्याचा टँकर घराची टाकी भरून जातो, आणि सांडपाणी दुसरी गाडी उपसून नेते. ही टाकी बेताच्या कुटुंबाचा हिशेब धरून बसवलेली असते. घरात बारा माणसं असली, की टँकरची पाळी यायच्या आधीच ती कोरडी पडते. हिमवादळात तर गाडी बाहेरच पडत नाही. बारा जणांचा श्वास, स्वयंपाकाची वाफ, वाळत घातलेले कपडे, आणि थंडीमुळे घट्ट लावलेल्या खिडक्या. ती ओल बाहेरच्या गार भिंतीवर साचते आणि गाद्यांमागे, न्हाणीघराच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. हवा खेळती ठेवायला यंत्र बसवलेलं असतं, पण ते बिघडलं तर दुरुस्त करणारा गावात असेलच असं नाही.

अशा हवेत क्षयरोग फोफावतो. कॅनडात जन्मलेल्या, पण मूळ रहिवासी नसलेल्या लोकांच्या मानानं इनुइटांमध्ये क्षयाचं प्रमाण सुमारे ३०० पट असल्याचं काही वर्षांपूर्वीच्या आकडेवारीत दिसलं. १९५०च्या दशकात याच रोगाचे इनुइट रुग्ण जहाजांत घालून दक्षिणेतल्या रुग्णालयांत नेले गेले. कित्येक परत आलेच नाहीत, आणि काहींच्या घरच्यांना त्यांचं काय झालं हेही कळलं नाही. त्याबद्दल तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी मार्च २०१९ मध्ये इकालुइत या राजधानीत येऊन माफी मागितली. अशी माफी कुठल्याच पंतप्रधानानं आधी मागितली नव्हती, म्हणून त्या माफीचं मोल मला वाटतं. पण क्षय औषधानं बरा होतो, आणि बरा झालेला माणूस जर त्याच कोंदट खोलीत परतला, तर औषध किती पुरं पडणार?

आराखड्याचीही एक गोष्ट आहे. दक्षिणेतल्या नकाशावरून बांधलेल्या घरात सोफ्याला जागा असते, पण सील हा शिकारीतला समुद्री प्राणी सोलायला नसते. शिकार घरी आली, की जमिनीवर पुठ्ठे अंथरतात, सगळी मंडळी भोवती बसतात आणि बायका ‘उलू’ नावाच्या अर्धचंद्राकृती सुरीनं मांस कापतात. थंड पडवी नाही, कातडं ताणायला जागा नाही. राहणाऱ्यांना न विचारता घर बांधलं, की असं होतं.

आणि पैसा? तो आला, पण तुकड्यातुकड्यानं. १९९३ मध्ये केंद्र सरकारनं नव्या सामाजिक घरांसाठी पैसे देणं थांबवलं. तिथे जन्मदर चढा आहे, त्यामुळे मुलं मोठी होत गेली आणि अनुशेष वाढत गेला. २००६ मध्ये नुनावुतला २० कोटी डॉलर मिळाले, बांधकाम झालं, पण खर्च हाताबाहेर गेला आणि प्रदेश सरकारला स्वतःच्या तिजोरीतून भर घालावी लागली. आपल्याकडे हप्ता अडकल्यामुळे जोत्यावर थांबलेलं घरकुल बघितलंय ना, तसंच समजा, फक्त तिथे जोत्यावर पुढचा पाऊस नाही, आठ महिन्यांचा हिवाळा येऊन पडतो.

२०१९ मध्ये इनुइटांच्या राष्ट्रीय संघटनेनं केंद्र सरकारबरोबर घरांचं धोरण ठरवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये नुनावुतचे तेव्हाचे मुख्यमंत्री पी. जे. अकीगोक यांनी २०३० पर्यंत ३,००० घरं बांधण्याची योजना जाहीर केली. बांधणारी भागीदार कंपनी इनुइटांच्या मालकीची आहे, आणि गावातल्या तरुणांना सुतारकाम शिकवणं हाही योजनेचा भाग आहे. दरवर्षी दक्षिणेतून येऊन, कमाई घेऊन परत जाणाऱ्या कामगारांपेक्षा गावातच राहणारा सुतार मला फार मोलाचा वाटतो, कारण बिघडलेलं यंत्र आणि गळकं छप्पर जानेवारीत तोच दुरुस्त करणार आहे.

केंद्राच्या २०२२च्या अर्थसंकल्पात इनुइट घरांसाठी सात वर्षांत ८४.५ कोटी डॉलर ठेवले गेले. २०२९च्या सुमारास ही मुदत संपेल. त्यानंतर किती रक्कम मिळणार, हे ओटावातल्या केंद्र सरकारनं आताच सांगून टाकायला हवं, कारण ज्या उन्हाळ्यात जहाज सुटायचं, त्याच्या आधीच्या हिवाळ्यातच लाकडाची मागणी नोंदवावी लागते.