जूनचा मका, ऑगस्टचा हिशोब

(दृश्य: मशीद बंदर, रात्र. बंद शटरांवर पाऊस.)

मंगळवार लागून दीड तास झालाय. ज्यांचं पोट मक्याच्या भावावर आहे, त्यातले काही जण अजून फोन हातात धरून बसलेत. धान्याचे दलाल, कोंबडीखाद्यवाले. अमेरिकेत या घडीला सोमवारचे दुपारचे चार वाजलेत आणि तिथलं कृषी खातं पिकाचा आठवड्याचा अहवाल सोडतंय: पेरणी किती झाली, किती टक्के मका 'चांगला' किंवा 'उत्तम' आहे.

२०१२ च्या मे महिन्यात हा आकडा ७७ टक्के होता. मार्चपासूनच ऊब होती, पेरण्या लवकर आटोपल्या होत्या. सरकारी अंदाज निघाला एकरी १६६ बुशेल, आपल्या मापात साधारण ४२ क्विंटल. मग जुलैत पाऊस गेला आणि उन्हानं रान भाजून काढलं. ऑगस्ट लागताना ७७ चे २३ झाले होते. हाती आले एकरी ३१ क्विंटल.

मेमधला आकडा खोटा नव्हता, मका तेव्हा खरंच तरारलेला होता. पण उगवलेल्या रोपाला लोकांनी कणसाचं वजन विचारलं.

(दृश्य: सिल्लोडचं शिवार. वीतभर मका.)

उगवल्यानंतर पहिले तीन-चार आठवडे मक्याचा वाढीचा कोंब जमिनीखाली असतो. गारांनी पानं फाटली तरी तो नवी काढतो. मृगानं थोडी ओढ दिली तर मुळं ओल शोधत खाली जातात, आणि पुढे ती कामाला येतात. तेव्हा फाटका, जरा सुकलेला मका बघून हाय खायचं कारण नाही. भीती आहे ती साचलेल्या पाण्याची. उकाड्यात दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की तोच कोंब गुदमरतो.

मग जून काही सांगतच नाही का? सांगतो. रोपं मोजा. एकरी २६ हजार दाणे टोकले, त्यातले उभे किती? बाजरी फुटवे काढून रिकामी जागा थोडीफार भरते, मका नाही. नांगे, म्हणजे रोपाविना मोकळ्या जागा, पडले, ते उत्पादनातून गेले. जूनमध्ये वजाबाकी पक्की करता येते, बेरीज नाही.

मुंबईत बसून तर आणखी फसगत होते. हिंदमाताला पाणी भरलं की आपल्याला वाटतं, राज्यात आबादीआबाद. सांताक्रूझला चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, घाटापलीकडे सिल्लोडकडे वर्षभरात सातशेच्या आसपास.

(दृश्य: वरळी सी फेस, भुट्ट्याची गाडी.)

हे कणीस सोलून बघा. दाण्यांच्या उभ्या ओळी १४. त्या रोप सात-आठ पानांवर असतानाच ठरल्या, आणि त्या सहसा सम असतात. पंधरा ओळींचं कणीस हवं असेल तर बऱ्याच गाड्या पालथ्या घालाव्या लागतील! एका ओळीत किती दाणे, ते मात्र पुढच्या आठवड्यांवर. प्रत्येक दाण्याला एक केस. तुऱ्याचा पराग जेमतेम आठवडाभर झडतो. त्याच वेळी पावसानं दडी मारली तर केस उशिरा निघतात, पराग संपलेला असतो, आणि कणीस बोडखं राहतं. जूनमध्ये पेरलेल्या मक्यावर ही वेळ जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये येते.

(दृश्य: तेच शिवार, ऑगस्टअखेर.)

आता मोजायला हरकत नाही. १४ ओळी, ओळीत ३० दाणे, म्हणजे कणसाला ४२०. एकरी २६ हजार कणसं. हजार दाण्यांचं वजन २५० ग्रॅम धरलं तर २७ क्विंटल. दाणा टपोरा भरला आणि तेच वजन ३०० ग्रॅम झालं, तर जवळपास ३३. दाणा अजून दुधात आहे. दलालाचा फोन मात्र सकाळपासून दोनदा येऊन गेलाय.